कागद निळा होईपर्यंत

सदतीस-अडतीस सालची गोष्ट. लोणावळ्यात निसर्गोपचाराचा एक बंगला होता. मुंबईची पोट सुटलेली मंडळी तिथे येत, पालेभाज्यांचा रस पीत, काकड्या चावत आणि हलकी होऊन परत जात. तुंगार्लीच्या वरच्या वाडीतली सारजाबाई तिथे भाज्या चिरायला होती. खायला असून न खाणारी माणसं पाहून तिला आधी हसूच यायचं.

ते हसू आटलं नवऱ्याच्या खोकल्याने. बुधा रेल्वेच्या रुळांखाली टाकायची खडी फोडायचा. पावसाळ्यानंतर त्याचा ताप हटेना, हाडं वर आली, छातीत जळजळ सुरू झाली. त्याला वाचवायचं, एवढं एकच सारजाबाईच्या डोक्यात राहिलं.

बंगल्यातले डॉक्टर पाहुण्यांना रोज सांगत, रोगाचं मूळ म्हणजे रक्तातलं आम्ल. धान्य, डाळी, मासळी यांनी ते वाढतं; पालेभाज्या नि फळांनी हटतं. मग ते लघवीत तांबडा कागद बुडवत. तो निळा झाला की आम्ल हटलं म्हणायचं आणि पाहुणे खूश. सारजाबाईने भाज्या चिरता चिरता हे ऐकलं आणि खरं मानलं. शिकलेला माणूस बोलतो म्हटल्यावर गरिबाने शंका कुठल्या तोंडाने घ्यावी?

तिने चार-दोन कागद पदराला बांधून आणले आणि बुधाला पथ्यावर बसवलं. आपल्या बायका पथ्याला लागल्या की देवाचंही ऐकत नाहीत. नाचणीची भाकरी बंद, हुलग्याचं माडगं बंद. शेजारणीने खेकड्यांचं कालवण आणलं, तेही तिने दारातून परत पाठवलं. बंगल्यातला उरलासुरला पाला तेवढा उकडून त्याच्यापुढे येऊ लागला.

“सारजे, तुकडाभर भाकर दे गं,” बुधा म्हणायचा. “पोटात पार खड्डा पडलाय.”

“न्हाई. कागूद अजून तांबडाच हाय. निळा झाला की देते, आईशप्पत.”

शेवटी एका सकाळी कागद निळा झाला. सारजाबाई तो मुठीत धरून धावतच बंगल्यावर गेली. आनंद पोटात मावत नव्हता.

“डागदरसाहेब, मालकाचं रगत सुधारलं!”

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, खाण्याने लघवी पालटते. रक्त नाही पालटत, त्याला शरीरच सांभाळतं. आणि हा ताप, हा खोकला... अहो, तो क्षय असणार. त्याला दूध, भाकरी, मासळी भरवायला हवी होती.”

“पन तुमीच तर म्हनत व्हता!”

“ते पाहुण्यांना पटावं म्हणून बोलायचं असतं,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. असल्या माणसाला काय म्हणावं!

सारजाबाईने घरी येऊन चूल पेटवली. भाकरी थापली. शेजारणीकडून मागून आणलेल्या दुधात तिने भाकरी कुस्करली आणि घास बुधाच्या तोंडात दिला. तो गालातच राहिला. गिळवेना.

“अवं, खावा की,” ती म्हणाली. “कागूद निळा झालाय.”

“भूक मेली गं,” बुधा म्हणाला. “तूच खा.”

दोन दिवसांनी तो गेला. सारजाने नवऱ्याचं किती केलं, असं वाडीतल्या बायका पुढे कितीतरी वर्षं कौतुकाने सांगायच्या. त्या तसं बोलू लागल्या की सारजाबाई उठून बाहेर जायची.