शुक्रवारचा बर्फ

टीव्हीवर एक जर्मन बाई बराच वेळ तावातावाने बोलत होती. ती थांबल्यावर हनीफने आम्हाला भाषांतर करून सांगितलं, "ती 'नाय' बोलते."

"एवढंच?" मी विचारलं.

"मॅडम, मतलब तेवढाच हाय."

हनीफ परदेशी जहाजावर खलाशी होता. हॅम्बुर्गच्या टीव्हीवर लागलेली एक डिटेक्टिव्ह फिल्म त्याने तिथल्या दोस्ताकडून कॅसेटवर उतरवून घेतली आणि मिरकरवाड्यात, रत्नागिरीच्या बंदरावरच्या वस्तीत, घरी आणली. गोष्ट अशी की, एक माणूस खुनासाठी जन्मठेप भोगत असतो आणि ज्याने त्याला पकडलं त्याच पोलीस अधिकाऱ्याला वाटायला लागतं, आपण भलताच माणूस आत टाकला. हनीफचा धाकटा भाऊ सलीमही तेव्हा खुनासाठी जन्मठेप भोगत होता. हायकोर्टातल्या त्याच्या अपिलाची वकील मी. त्यामुळे ही फिल्म मी बघितलीच पाहिजे असा हनीफचा हट्ट. फिल्म बघून अपील चालवत नाहीत, हे मी त्याला दोनदा सांगितलं. पण त्याची आई जैनबबी माझ्यासाठी बांगडे तळत बसली होती. तिथून उठून जाण्याइतकी मी तत्त्वनिष्ठ नाही.

केस थोडक्यात सांगते. सलीम आणि रौफ एकाच बोटीवर कामाला होते. दोघांचं पटत नव्हतं. एका शनिवारी सकाळी जाळ्यांच्या शेडमागे रौफचं प्रेत सापडलं. डोक्यावर घाव होता. मारताना कोणी पाहिलेलं नाही, हत्यार मिळालेलं नाही. सगळी केस एका तांडेलाच्या जबानीवर उभी होती. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. तो म्हणाला, "आदल्या दिवशी पहाटे मी बोटीत बर्फ भरत होतो. सलीम आणि रौफ भांडत भांडत शेडमागे गेले. सलीम एकटाच परत आला." डॉक्टरांनी सांगितलेली मृत्यूची वेळ याच्याशी जुळत होती. याला आम्ही 'लास्ट सीन' म्हणतो. मेलेला माणूस शेवटचा ज्याच्याबरोबर दिसला, त्याने खुलासा द्यायचा. सलीमचा खुलासा होता, "मी नाही मारलं." कोर्टाला तो पुरला नाही.

अपील म्हणजे नवा खटला नव्हे. खाली झालेल्या खटल्याचे कागद वरच्या कोर्टाने पुन्हा वाचायचे, एवढंच. ते कागद मला जवळजवळ पाठ झाले होते आणि त्यात हाताला काही लागत नव्हतं. सुनावणी तोंडावर आली होती. सुप्रीम कोर्टापर्यंत जायची त्या घराची ऐपत नव्हती, त्यामुळे सलीम बाहेर यायचा तर याच अपिलात. हे जैनबबीला माहीत होतं. म्हणून तर बांगडे.

इकडे फिल्ममधला अधिकारी एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात बसला होता. "मी कचरा बाहेर ठेवायला गेलो तेव्हा मला आरोपी दिसला," अशी त्या शेजाऱ्याची साक्ष होती. अधिकारी भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेला, काहीतरी पुटपुटला आणि म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"त्या दिवशी कचऱ्याची गाडीच नव्हती, मॅडम. तिकडे गाडीचा वार ठरलेला असतो. दुसऱ्या वारी कचरा कोण बाहेर ठेवतच नाय."

"आणि हे एवढ्या मोठ्या कोर्टात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मी कुचकटपणे म्हणाले. "काहीही दाखवतात. उद्या मला विचारशील, आपल्या तांडेलाचा वार कुठला!"

"कुठला?"

"प्रेत शनिवारी सापडलं, म्हणजे आदली पहाट शुक्रवारची."

जैनबबी झारा हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात आली.

"जुम्म्याला बर्फ कोन भरतो?"

बांगड्याचा घास माझ्या हातातच राहिला. मिरकरवाड्यातल्या मुसलमान मच्छीमारांच्या बोटी शुक्रवारी समुद्रात जात नाहीत. गुरुवारी परत येतात. शुक्रवारी नमाज, जाळी शिवणं, घरची कामं. बर्फ भरतात तो बोट बाहेर काढताना, मासळी टिकवायला. बोटच निघणार नसेल तर बर्फ भरून तो वितळताना बघत बसायचं का? मी जन्मापासून रत्नागिरीत राहते. शुक्रवारी ताजी मासळी मिळत नाही म्हणून कुरकुरतेसुद्धा.

"मग हे तुम्ही कोर्टात का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कोनी इचारलान आमाला?" जैनबबी म्हणाली.

तिचं खरं होतं. खटला उभा राहीपर्यंत बराच काळ गेला होता, प्रेत कुठल्या वारी सापडलं हे लोक विसरले होते आणि कोर्टात सगळे तारखेवर बोलत होते. अमुक तारखेला पहाटे कुठे होतास, तमुक तारखेला काय पाहिलंस. बंदरावर तारीख कोणी धरत नाही, वार आणि तिथी धरतात. सलीम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून ती तारीख रोज ऐकत होता आणि तो शुक्रवार होता हे त्याच्याही डोक्यात आलं नाही. ज्यांना बोटींचा नियम माहीत होता त्यांना वार माहीत नव्हता. वार काढू शकणाऱ्या आम्हा शहाण्यांना नियम सुचला नाही.

हायकोर्टात मी अर्ज दिला की तांडेलाला एवढ्याच मुद्द्यावर पुन्हा तपासू द्या. कायद्यात तशी सोय आहे, पण ती क्वचित मिळते. सरकारी वकील वैतागले.

"माय लॉर्ड, हे तर बंदरावर सगळ्यांना माहीत असतं म्हणतात! उद्या सूर्य पूर्वेला उगवतो याचाही पुरावा घ्या म्हणतील."

"उगवतो," न्यायमूर्ती म्हणाले. "पण या केसच्या रेकॉर्डवर आहे का?"

तांडेलाला रत्नागिरीच्या कोर्टात पुन्हा बोलावलं. मी सलीमचं नावही काढलं नाही.

"तुम्ही शुक्रवारी बोट काढता का?"

"तौबा! जुम्म्याला बोट काडतो काय कोन?"

"सीझन जोरात असला तर? एखाद्या वेळी?"

तो मनापासून दुखावला. "माज्या बापाने कदी काडलान नाय, बाय. मी पन नाय काडली."

मी त्या वर्षाचं कॅलेंडर त्याच्या हातात दिलं. त्याने तारखेवर बोट ठेवलं, वर वार बघितला आणि बराच वेळ बोट उचललंच नाही.

"मग ता दुसरा दिस आसंल," तो शेवटी म्हणाला.

"कुठला?"

"ता आता कसा सांगू?"

मी खाली बसले. माझ्या मते तांडेल खोटारडा नव्हता. भांडण त्याने कधीतरी पाहिलं असणार. 'आदल्या पहाटेच ना?' असं कोणीतरी विचारलं असणार आणि त्याने मान हलवली असणार. हा माझा अंदाज. तो कुठल्याच कागदावर नाही.

सलीम सुटला. निकालाची प्रत आली त्या दिवशी जैनबबी माझ्या ऑफिसात आली. येत्या जुम्म्याला नमाजानंतर जमातीसमोर हनीफ तो निकाल मोठ्याने वाचणार होता. वस्तीत अजून कोणी सलीमशी नीट बोलत नव्हतं. रौफची आई त्याच गल्लीत राहायची.

"ह्येच्यात लिवलंय ना बाय, माज्या पोराने केलान नाय म्हनून?"

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. निकालात लिहिलं होतं, गुन्हा निःसंशय शाबीत झालेला नाही, सबब आरोपीला संशयाचा फायदा देऊन मुक्त करण्यात येत आहे. ते मी तिला सोपं करून सांगितलं.

"म्हंजे सौंशय हाय."

"म्हणजे पुरावा नाही, जैनबबी."

"आनि त्यानं केलान नाय, ता कुटे लिवतात?"

"कुठेच लिहीत नाहीत."

मला फार वाईट वाटलं. सलीमने खून केला का, हे मी त्याला कधीच विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात तो प्रश्न विचारत नाहीत. जैनबबीनेही मला विचारलं नाही. तिने निकालाची घडी घातली, पदराखाली धरली आणि जाताना म्हणाली, "हनीफला सांगते, वाचू नको म्हनून."

सलीम थोडे दिवस घरात बसून होता. मग जयगडला एका बोटीवर लागला. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोर्टाला सांगावी लागते, हे मी तेव्हापासून ज्युनिअर वकिलांना शिकवते. कोर्टाने सांगितलेली गोष्ट गल्लीला कशी पटवायची, ते मला अजून येत नाही.