काचबिंदू पिकत नाही

माझी थोरली बहीण म्हातारपणीही सुईत दोरा ओवायची. त्यामुळे तिची नजर जाते आहे हे कोणाला पटलं नाही. तिलाही नाही.

आम्ही दोघी विधवा, पिंपळगावजवळ एकाच घरात राहतो. द्राक्षाच्या हंगामात दोघी पॅकहाउसला जायचो. घड हातात धरायचा, सडके, बारके मणी कात्रीने काढायचे आणि घड पेटीत ठेवायचा. तिच्याइतका साफ हात कोणाचा नव्हता. मग तिच्या पेट्या परत यायला लागल्या. घडाच्या कडेचे फुटके मणी तसेच राहायचे.

मुकादमीण म्हणाली, "आक्का, समोरचं तेवढं तुमचं, अन् कडंचं काय आम्ही काढायचं?"

"तू कडंला उभी ऱ्हातीस ना, म्हणून नासत्यात," बहीण म्हणाली. बायका हसल्या. मीही हसले.

घरात तिचा खांदा चौकटीला आपटायचा. शेजारी ठेवलेला चहा तिच्या हाताने सांडायचा. सगळ्या बायकांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे. आमच्या आईचा मोतीबिंदू पिकू दिला, मगच काढला, आणि आई मरेपर्यंत चांगली पाहत होती. बहिणीने तेच धरलं. म्हणाली, "सुई ओवती मी अजून. कच्चा हाय, पिकू दे. हंगाम झाला का जाऊ." तो हंगाम गेला, पुढचाही गेला. डोळा दुखत नव्हता, लाल होत नव्हता. दुखला असता तर बरं झालं असतं.

शेवटी ती अंगणातल्या बांधलेल्या गाईला धडकून पडली, तेव्हा तिला नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, आत पाहिलं.

"आजी, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. कडेचं आधी जातं, मधलं शेवटी."

"मग काढून टाका."

"काढण्यासारखं त्यात काही नसतं. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाने राखायची, लागलं तर ऑपरेशन करायचं."

बहीण म्हणाली, "अन् आम्ही पिकायची वाट बघत बसलो."

बाई म्हणाल्या, "आता मोतीबिंदूसुद्धा पिकू द्यावा लागत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सख्ख्या बहिणी ना? हा घरात चालत येतो. बसा खुर्चीत."

मलाही निघाला. मला काहीच त्रास नव्हता.

बहिणीचं उरलं होतं ते फार थोडं. औषध घेऊनही ते टिकलं नाही. आता तिला दार उघडं आहे की बंद, एवढं उजेडावरून कळतं. घरात सुया आहेत, ओवणारं कोणी नाही.

माझे थेंब रोज संध्याकाळी असतात. चुरचुरतात. एकदा मी कंटाळून म्हणाले, "फरक तर काही पडत नाही."

"पडू नये म्हणूनच टाकायचे, येडे," ती म्हणाली. तेव्हापासून ती जवळ येऊन बसते. मी थेंब टाकते आणि ती चाचपून माझ्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरते. औषध घशात उतरू नये म्हणून तसं करायला सांगितलं आहे. मग मला समोर बघायला लावते, एक डोळा झाकायला सांगते आणि बाजूला हात धरून विचारते, "किती बोटं?" तिला स्वतःची बोटं दिसत नाहीत, पण किती उभी केली ते तिला माहीत असतं. तिला फसवता येत नाही.

परवा, हंगाम ऐन भरात असताना, तिने डाव्या बाजूला हात धरला. मला हातच दिसला नाही. मी अंदाजाने म्हणाले, "दोन."

तिने हात खाली घेतला, उठली, भिंत धरून खुंटीपाशी गेली आणि माझी बाहेर जायची पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"सकाळच्या गाडीनं जायचं," ती म्हणाली. "हंगाम गेला चुलीत."