दाबून धरायचं बटण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याला सगळे 'दीड' म्हणत. त्यापुढचा 'शहाणा' हा शब्द गिळून टाकत, कारण तो फोरमन होता. त्याला हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. लोकांना चिडवावंसं वाटतं म्हणजे आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळत असणार, असा सोयीस्कर अर्थ त्याने लावून घेतला होता.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं म्हणायला फारशी जागा मिळणार नाही. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. थोरल्या बहिणीने एका फोटो स्टुडिओत नोकरी धरली आणि आईचा नि त्याचा भार उचलला. बारीक ब्रश घेऊन ती लोकांच्या फोटोंवरचे डाग घालवायची. पुढे तेच काम कॉम्प्युटरवर आलं, तर तेही ती कुरकुर न करता शिकली. लग्न दोघांचंही राहून गेलं. तिचं घरच्या रगाड्यात, त्याचं स्वभावापायी. त्याच्याशी ओळख वाढवू पाहणाऱ्या बायका लवकरच थकायच्या, कारण पहिल्याच भेटीत तो त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेऊन ते मागे का पडतं हे समजावून द्यायचा.

आईचं शेवटी डोकं गेलं. आधी चाव्या सापडेनात, मग नळ कोणत्या बाजूला फिरवायचा ते आठवेना, मग आरसा पाहून ती दचकू लागली. मध्येच एखादा दिवस लख्ख उजाडायचा, आई सगळ्यांना नावाने हाक मारायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार. तिचं सगळं ताईने केलं. हा तेव्हा उंच इमारतींच्या डोक्यावर लिफ्टच्या मोटारींना ग्रीस लावत होता.

स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकाने ताईला तिचा कॉम्प्युटर घरी नेऊ दिला. ॲपलचा, पडदा आणि यंत्र एकातच असलेला, खिडकीशेजारच्या टेबलावर तो छान शोभायचा. ताई घरबसल्या काम करू लागली. फाटलेले, भिजलेले, वाळवीने खाल्लेले फोटो लोक घेऊन यायचे आणि ती त्यातल्या माणसांना कान, बटणं, भुवया परत मिळवून द्यायची. कुणाचं तरी हरवलेलं नाक जुळून आलं की स्वतःशीच म्हणायची, "आलात का? या."

दीडला ते यंत्र बघवेना. जुनं झाल्यामुळे ते ॲपलची नवी आवृत्ती घेईना, आणि चांगल्या यंत्राला म्हातारपण आलेलं त्याला सहन होत नसे. शिवाय लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमने त्याला झपाटलं होतं. फुकट, उघडं, कुठेही आत हात घालता येईल असं. त्याने ताईच्या मागे टुमणं लावलं.

"अगं, तुझं काही जाणार नाही. डिस्कचे दोन भाग करतो. अर्ध्यात तुझं ॲपल, अर्ध्यात माझं लिनक्स. दोघं एका घरात राहतील, आपल्यासारखे."

"आपण कुठे बरे राहतो?" ताई म्हणाली, पण हसली, आणि तिने परवानगी दिली. त्याला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं.

काम त्याने झकास केलं, हे कबूल करायला हवं. आधी तिच्या फोटोंची वेगळी प्रत काढली, मग तिचा भाग आक्रसून घेतला, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढवलं, आवाज आणि वायफाय चालू केलं. यंत्र सुरू केलं की आपोआप लिनक्स उघडायचं. ताईला तिच्या बाजूला जायचं असेल, तर सुरू होताना ऑप्शन नावाचं बटण दाबून धरायचं. पडद्यावर डिस्कची दोन चित्रं येतात, डावीकडचं तिचं. त्याने तिला करून दाखवलं. तिने करून पाहिलं. जमलं.

आणि त्याच आठवड्यात त्याने तिला नवा कीबोर्ड आणून दिला. तिच्या बोटांची पेरं दुखायची, जुन्या कीबोर्डची बटणं जड झाली होती. हा बिनतारी होता, मऊ. त्याने तो ॲपल आणि लिनक्स दोन्ही बाजूंना जोडून दिला, टाइप करून पाहिलं, आणि जुना तारेचा कीबोर्ड कपाटावर टाकला. ताईने नवा कीबोर्ड मांडीवर घेऊन कितीतरी वेळ त्यावर नुसताच हात फिरवला.

दुसऱ्या सकाळी तो बूट घालत असताना ती म्हणाली, "अरे, ती दोन चित्रं येत नाहीयेत."

"बटण लवकर सोडत असशील."

"नाही रे, धरून ठेवलं होतं."

त्याला उशीर होत होता. समोर लिनक्स उघडलेलंच होतं. त्याने त्यात एक कमांड टाइप केली, जिच्यामुळे पुढच्या वेळी यंत्र ॲपलच्या बाजूला उघडतं, यंत्र परत सुरू केलं, आणि ताईची बाजू समोर आली. "हे बघ. होतंय की," म्हणाला आणि गेला. ऑप्शनच्या बटणाला त्याने हातसुद्धा लावला नव्हता.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी तो लिनक्समध्ये बसायचा, सकाळी ती खोळंबायची. कधी तो कमांड टाइप करून द्यायचा, कधी विसरायचा. "सुरू होतानाचा आवाज आल्यावर धर." "आवाजाच्या आधी धर." "अगं, घट्ट धर, लोणी आहे का ते?" तिने सगळं करून पाहिलं. हळूहळू ती विचारायची बंद झाली, आणि त्याला वाटलं, चला, शिकली एकदाची.

एकदा चुलतभाऊ आणि वहिनी जेवायला आले होते. वहिनीने सहज विचारलं, "ताई, फोटोंचं काम कसं चाललंय?" ताई काही बोलणार तोच दीडने घास गिळून सांगितलं, "काम कसलं? तिला एक बटण दाबून धरता येत नाही. आता बोला! आईवर चाललीये, बरं का."

सगळे हसले. वहिनी तर ठसका लागेपर्यंत हसली. ताईही हसली, आणि जग भरलेला असताना पाणी आणायला उठली.

त्यानंतर खूप दिवसांनी तो कामावरून परतत होता. लिफ्टमध्ये औषधवाली भेटली. तिचं दुकान त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर होतं. तिच्या हातात पुठ्ठ्यात गुंडाळलेला फोटो होता, मधोमध फाटलेला. तिचे आजोबा.

"ताईंनी परत दिला," ती म्हणाली. "म्हणाल्या, आता नाही जमत, आईचं झालं तसंच सुरू झालंय. मेंदूच्या डॉक्टरचा पत्ता विचारत होत्या मला. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या, पण घरात दोघंच तुम्ही, तुम्हाला नको का कळायला?"

त्याचा मजला आला, दार उघडलं, तरी तो आतच उभा राहिला.

घरी ताई नव्हती. यंत्र बंद होतं. तो बूटही न काढता टेबलाशी बसला. यंत्र सुरू केलं आणि ऑप्शन दाबून धरलं. लिनक्स आलं. परत केलं. आवाजाच्या आधी धरलं, नंतर धरलं, घट्ट धरलं. अंगठा पांढरा पडला. लिनक्स, लिनक्स, लिनक्स. मग त्याची नजर कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या निळ्या दिव्याकडे गेली. यंत्र सुरू होताना दिवा लुकलुकत होता. लिनक्स पुरतं उघडल्यावरच तो स्थिर झाला.

एवढंच होतं. आत कुठलीतरी सिस्टीम जागी होईपर्यंत त्या बिनतारी कीबोर्डला हे यंत्र ओळखतच नव्हतं. ताई बटण दाबून धरत होती, पण ते यंत्रापर्यंत पोहोचतच नव्हतं. त्याने कपाटावरचा जुना कीबोर्ड काढला, धूळ झटकली, तार खुपसली, बटण दाबलं. दोन चित्रं आली.

दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये स्वतः वरपासून खालपर्यंत गेल्याशिवाय त्याने कधी कुणाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. परक्या माणसांसाठी तो एवढं करायचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईच्या खुर्चीवर बसायची लाज वाटली म्हणून तो उठला, आणि कुठे बसावं ते न कळून उभाच राहिला.

आता त्याने लगेच सांगून टाकलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. पण चूक गुपचूप सुधारावी आणि बोभाटा होऊ नये, ही फोरमनकीतली जुनी खोड. त्याने तारेचा कीबोर्ड टेबलावर ठेवला, बिनतारी खणात सारला, आणि ताई आल्यावर पडलेल्या आवाजात म्हणाला, "हा जुनाच वापर काही दिवस. एकदा करून बघ ना."

"नको रे."

"माझ्यासाठी."

ती बसली. मांडीवर पिशवी तशीच होती. तिने बटण दाबलं, डोळे मिटून धरून ठेवलं. उघडले तेव्हा समोर दोन चित्रं होती. त्याला वाटलं, आता हिचा चेहरा फुलेल. ती पडद्याकडे बघत राहिली.

"आज जमलं," ती म्हणाली. "आईलाही असे चांगले दिवस यायचे. आठवतं तुला? तू नसायचास म्हणा."

मग मात्र त्याच्याने राहवेना.

"ताई, तुला काही झालेलं नाहीये. चूक माझी होती. तो नवा कीबोर्ड सुरुवातीला चालतच नाही. तू बरोबर करत होतीस, पहिल्या दिवसापासून."

तिने त्याच्या गालाला हात लावला. "औषधवाली बोलली वाटतं तुला. असू दे. मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगू नकोस."

"अगं, खरं सांगतोय!"

"तुझ्यासारख्या माणसाला कळलं नसतं का इतके दिवस?"

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर त्याने आनंदाने झेलला असता. ती मनापासून बोलत होती. जन्मभर त्याने तिच्या डोक्यात भरवलं होतं की त्याचं चुकत नाही, आणि तिने ते इतकं मानलं होतं की स्वतःच्या मेंदूवर संशय घेणं तिला सोपं वाटलं. त्याने तार उपटली, खणातून बिनतारी कीबोर्ड काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"हा दिवा बघ. मी काय करतो तेही बघ."

त्याने तिच्यादेखत बटण दाबलं. लिनक्स आलं. पुन्हा दाबलं. लिनक्स. ताई दिव्याकडे बघत होती. मग म्हणाली, "परत." त्याने परत केलं. "आता तार लाव, मी करते." तिने केलं. दोन चित्रं. "काढ तार." लिनक्स. "लाव." दोन चित्रं. ती हे कितीतरी वेळ करत राहिली, आणि तो खाली वाकून तार लावत नि काढत राहिला. त्याचे गुडघे दुखायला लागले, पण थांब म्हणायचं तोंड त्याला उरलं नव्हतं.

शेवटी ती मागे टेकून बसली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिने पुसलं नाही.

"मी झोपताना रोज घरातल्यांची नावं म्हणत होते," ती म्हणाली. "आजोबांपासून तुझ्यापर्यंत. एखादं सुटलं तर कळावं म्हणून."

तो जमिनीवरच बसला होता, तार हातात.

"आणि तू एकदाही स्वतः दाबून पाहिलं नाहीस?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही, ताई."

ती उठली, तोंड धुऊन आली, खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसली. आवाज अगदी साधा होता, भाजी काय करायची विचारावी तसा.

"दादाला फोन लाव. वहिनीलाही बोलव म्हणावं. त्या दिवशी माझ्याबद्दल काय बोललास आणि आज काय कळलं, दोन्ही सांग. स्पीकरवर ठेव, मला ऐकायचंय."

त्याने लावला. पलीकडून चुलतभाऊ नेहमीच्या थट्टेने म्हणाला, "बोला साहेब, आज काय शिकवताय?" दीडने सांगितलं. पहिल्यांदा तो यंत्र, ब्लूटूथ वगैरे समजावत बसला, तर ताईने मान हलवली, आणि तो परत पहिल्यापासून सांगू लागला, साध्या शब्दांत. त्याने आईचं नाव घेऊन थट्टा केली होती ते सांगितलं. ताई डॉक्टर शोधत होती ते सांगितलं. पलीकडे वहिनी "अगंबाई" म्हणाली.

फोन ठेवल्यावर त्याने वर पाहिलं. वाटलं, आता ती म्हणेल, पुरे.

"आता औषधवाली," ताई म्हणाली. "आणि तिला सांग, आजोबांना वर घेऊन ये."