पंचायतीच्या वायफायवरची टोकनं

माझं तोंड फटकळ आहे हे सासरी-माहेरी सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आधीच सांगून टाकते, त्या शनिवारचा घोळ माझाच होता. दुसऱ्या कुणाचाही नाही.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, कारेगावच्या जवळ. यात्रेला इथं बैलगाड्यांच्या शर्यती होतात. गाडे एकदम पळत नाहीत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, एकामागून एक सुटतात आणि प्रत्येकाचे सेकंद मोजतात. एका गाड्याच्या त्या पळण्याला बारी म्हणतात. बारी हवी तर टोकन हवं. टोकनं मोजकी, गाडामालक भरमसाट, त्यामुळे दरवर्षी रांगेत कुणाचा ना कुणाचा सदरा फाटायचाच. मी घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी वेबसाइट बनवते. यात्रेची साइटही मीच केली होती, पण ती नुसती फोटोंची. यंदा माझे सासरे, म्हणजे आबा, यात्रा समितीचे अध्यक्ष झाले. म्हणाले, "सूनबाई, टोकनं मोबाईलवरच देऊन टाकू. कुणाची तक्रार नगं." मी तर उडालेच! इतकी वर्षं साड्यांची दुकानं आणि पाण्याच्या टाक्या विकणारे, यांच्याच वेबसाइट बनवत होते मी. आता बैलगाडा!

आनंदाचं आणखी एक कारण होतं. माझे वडील, आप्पा, दौंड तालुक्यात भांडगावला असतात. त्यांची एक पळणारी जोडी आहे. ती लेकीच्या गावच्या घाटात पळवायची, हे माझ्या लग्नापासूनचं त्यांचं वेड. दोनदा रांगेत उभे राहून हात हलवत परत गेले होते. त्यात थोरल्या बैलाचं वय झालेलं. "औंदा न्हाई तर न्हाईच," असं दर फोनला म्हणायचे, आणि मला कसंतरीच व्हायचं.

टोकनं रविवारी सकाळी दहाला सुटणार होती. शुक्रवारी मी साइट मेंटेनन्सवर टाकली. म्हणजे जगाला एकच पान दिसणार, "काम चालू आहे, रविवारी दहा वाजता या." पण समितीच्या पाच जणांना आत जाऊन फॉर्म भरून बघायचा होता. मी पाच जणांना पाच पासवर्ड दिले. अहो, काय सांगू! एकाचा ओटीपी त्याच्या पुण्यातल्या लेकाच्या मोबाईलवर जायचा. दुसऱ्यानं पासवर्ड तंबाखूच्या पुडीवर लिहिला आणि पुडी संपल्यावर फेकून दिली. तिसरे दर अर्ध्या तासानं फोन करून "त्यो शब्द काय हुता?" विचारायचे. डोकं फिरलं माझं. मग मी शॉर्टकट काढला. समिती बसते ग्रामपंचायतीच्या ऑफिसात, तिथल्या वायफायवर. माणूस कुठल्या इंटरनेटवरून आलाय ते साइटला कळतं. मी तिला सांगितलं, पंचायतीच्या वायफायवरून जो येईल त्याला आत सोड, बाकीच्यांना बाहेर ठेव. पासवर्ड नको, काही नको. आबा खूश, समिती खूश, आणि मी तर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर सहज आत डोकावले, तर फॉर्म आलेले त्रेचाळीस. पाच माणसांनी त्रेचाळीस फॉर्म भरून बघितले? नावं वाचायला लागले, तर सगळी खरी माणसं, खरे बैल, जवळजवळ सगळे आमच्या गावचे. आणि मग डोक्यात उजेड पडला. पंचायतीच्या वायफायचा पासवर्ड अख्ख्या गावाला पाठ आहे! समोरच्या चहाच्या टपरीवर खडूनं लिहिलाय. लग्न होऊन आले तेव्हा मीसुद्धा तिथूनच घेतला होता. सगळं गाव टपरीसमोरच्या पारावर बसून तेच नेट वापरतं. मी बाकी सगळ्या गावांना दार लावून एकट्या आमच्या गावाला आत घेतलं होतं. आणि यादीत सगळ्यात वर, एक नंबरला, भांडगाव. आप्पा!

तेवढ्यात आप्पाच दारात उभे. सकाळी घाट बघायला म्हणून आले होते. टपरीवर चहाला बसले, मोबाईलचं नेट संपलेलं, म्हणून कुणीतरी वायफाय जोडून दिलं. साइट उघडली, फॉर्म दिसला, यांनी भरला. यांचं बघून पारावरच्या सगळ्यांनी भरला. कुणाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्यांना वाटलं, टोकनं सुटली.

"अगं, पयलं टोकन माझं! पयलं!" आप्पांनी मोबाईल माझ्या नाकासमोर नाचवला. "तुझ्या आईला फोनबी केला."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तोवर फोन वाजला. काम करताना मी फोन स्पीकरवरच टाकते. कारेगावचा एक गाडामालक होता. "मॅडम, आमच्याकडं काम चालू दिसतंय, आन् तुमच्या गावात टोकनं वाटून झाली म्हंत्यात. ह्ये व्हय तुमचं ऑनलाइन?"

आप्पांनी सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर मी त्यांना वायफायची भानगड समजावून सांगितली.

"म्हंजी मी चोरावानी आत शिरलो, असंच ना?"

"तसं नाही आप्पा. चूक माझी आहे."

"कुणाची का आसंना. पूस."

"सगळ्यांचीच पुसावी लागतील."

"माझं आधी पूस. मला दिसू दे."

मी पुसलं. स्वतःचा इतका राग आला होता की लॅपटॉप भिंतीवर आपटावा. मग बाकीची बेचाळीस पुसली, वायफायला दिलेली वाट बंद केली आणि समितीच्या पाचही जणांना घरी बोलावून माझ्याच लॅपटॉपवर फॉर्म दाखवला. संध्याकाळपर्यंत गावात नुसती बोंबाबोंब. एक गाडामालक, ज्याच्या आवाजाला घाटात माईक लागत नाही असा, आमच्या ओट्यासमोर येऊन गरजला, "वहिनी, गावातच ऱ्हाता आन् गावाचीच टोकनं घालवता व्हय?"

मीही कमी नाही. "घालवली! पहिलं माझ्या बापाचं घालवलं! आत बसलेत, विचारा त्यांना!"

त्यानं आत डोकावून आप्पांकडं बघितलं. आणि आल्या वाटेनं निघून गेला.

रविवारी दहाला साइट उघडली. बाई गं, काय ती झुंबड! कोरेगाव भीमा, कारेगाव, शिरूर, दौंड, कुठून कुठून फॉर्म येत होते. साइट एकदाही अडकली नाही. मी खुर्चीत बसल्या बसल्या उड्या मारत होते. आप्पा पलीकडच्या खोलीत एका बोटानं बैलांचे रंग लिहीत बसले होते. ते लिहून होईपर्यंत टोकनं संपली.

आबा उठून त्यांच्याजवळ गेले. "पाव्हणं, समितीच्या हातात दोन टोकनं असत्यात. एक तुमचं."

खरं सांगते, माझ्या मनात आलं, घ्या हो आप्पा, घेऊन टाका!

आप्पांनी हात जोडले. "नगं पाव्हणं. मी सांजच्याला माझ्या गावाला जाणार. पोरीला हितंच राहायचंय."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आप्पांचा फोन आला. आवाज असा चढलेला की मला वाटलं भांडणच झालं कुठंतरी. "अगं, तुमच्या गावचा त्यो मोठ्या आवाजाचा गडी! त्याच्या पुढच्या जोडीतला बैल लंगडतोय. म्हणला, आप्पा, तुमची जोडी घिऊन या!" आमच्याकडं गाड्याला चार बैल लागतात, पुढं दोन, मागं दोन. कमी पडले तर दुसऱ्याचे जुंपायचे, ही रीतच आहे. पण त्यासाठी शेजारच्या आळीत हाक मारली तरी चार जोड्या मिळाल्या असत्या. भांडगावला फोन करायची काही गरज नव्हती.

घाटात माईकवाल्यानं विचारलं, गाडा कुणाचा सांगू? त्या गड्यानं माईकशिवायच सांगितलं, "आधी भांडगावचं नाव घ्या!" गाडा सुटला. मी साडीचा पदर खोचून गावच्या चार बायकांसमोर असली किंचाळले की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. थोरला बैल असा पळाला, असा पळाला! आणि त्याच्यामागं अनवाणी आप्पा.

नंबरबिंबर काही आला नाही. आप्पा बैलाच्या गळ्यात पडले, मग धापा टाकत मला शोधत कडेला आले. तोंडभर गुलाल.

"बघितलंस?"

"बघितलं!"

"मग आता मनाला लावून घिऊ नगं."

"कशाचं?"

"पुसलंस त्याचं."

ते मला किती लागलं होतं, त्याबद्दल मी कुणाजवळ एक अक्षर बोलले नव्हते.