साबणाचे तीन हात

माझे थोरले दीर चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कलेचे साचे काढत आले. त्यांना कोणी कलाकार म्हटलं की ते खरोखर चिडायचे. "मी ओतणारा माणूस. कल्पना त्यांच्या, खोकला माझा." प्लॅस्टरच्या धुळीने जडलेला खोकला कधी हटलाच नाही, त्यावरची ही थट्टा. शिल्पकार मातीत काही घडवतो, पण माती टिकत नाही. म्हणून तिच्यावर प्लॅस्टर थापून साचा काढायचा, आणि त्या साच्यात पुन्हा प्लॅस्टर ओतून पक्की वस्तू मिळवायची, हे त्यांचं काम. आमच्या घराची मागची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. दोन खिडक्या, एक लांब टेबल, पाण्याची टाकी आणि फळीवर पांढऱ्या वस्तूंची रांग.

सुरुवातीला पुतळेच असत. पुढे कलाकारांचं डोकं दुसरीकडे चालू लागलं. एक जण जुने बूट घेऊन आला. एक बाई वर्षभर रोज एकाच भिंतीचा फोटो काढत होती, तिने त्या भिंतीच्या भेगांचे साचे करून घेतले. एका तरुणाने ओळखीपाळखीच्या लोकांचे तीनशे कान मागवले. दोन महिने आमच्याकडे चहाला आलेला पाहुणा आधी कान द्यायचा, मग कप उचलायचा. जाऊबाई म्हणाल्या, "घरात तीनशे कान, आणि माझं ऐकणारा एकही नाही."

भाऊजी म्हणाले, "ऐकतात सगळे. उलट उत्तर देत नाहीत, एवढंच."

अशी त्या दोघांची जोडी. जाऊबाई बोलत राहायच्या आणि भाऊजी चाळत, कालवत, ओतत राहायचे. मी या घरात आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. पहिल्याच सकाळी मी देवापुढे जरा जास्त वेळ बसले, तर जाऊबाई दारातून म्हणाल्या, "धाकटे, देवाला पण कामं असतील." पण त्या दिवसापासून माझ्या बसण्याच्या वेळेत त्यांनी मला कधी हाक मारली नाही. दूध उतू गेलं तरी नाही. मला सख्खी बहीण नव्हती, ती उणीव त्यांनी भरून काढली.

पाच वर्षांपूर्वी कॅमेऱ्यावर काम करणारी एक कलाकार भाऊजींकडे आली. ती मोठमोठे पडदे टांगून त्यांवर चित्रफिती दाखवते, म्हणून जाऊबाईंनी तिचं नाव पडदेवाली ठेवलं. तेच घरात रुळलं, आणि एकदा तिच्या तोंडावरही निघून गेलं. तिला मजा वाटली. तिला बारा चेहरे हवे होते, कलाकारांच्या मागे राबणाऱ्या माणसांचे. चौकटी करणारा, भिंतीवर चित्रं टांगणारा, रंग वाटणारी बाई, असे. चेहरे पांढऱ्या प्लॅस्टरचे, आणि त्यांच्यावर त्याच माणसांच्या बोलण्याची चित्रफीत पडणार. म्हणजे अंधाऱ्या दालनात ते चेहरे बोलताना दिसणार.

"साचेवाल्यांचा चेहरा तर हवाच," पडदेवाली म्हणाली.

"माझा नको, हिचा घ्या," भाऊजी म्हणाले. "मागे राबणाऱ्याच्या मागे ही राबते. आणि बोलायचंच असेल तर घरात ही एकटीच बोलते."

त्या दिवशी मी त्या खोलीत होते. जाऊबाईंना टेबलावर आडवं केलं, केस टॉवेलात बांधले, भुवयांना तेलकट मलम लावलं. नाकपुड्या मोकळ्या ठेवून भाऊजींनी प्लॅस्टरचा पहिला पातळ थर दिला. या पहिल्या थरात ते कपड्यांच्या निळीची चिमूट टाकत. नंतर बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा असतो. पांढरं फोडत जाताना निळं दिसलं की थांबायचं, हात हलका करायचा, कारण आता खाली वस्तू आहे. अशा साच्यातून वस्तू एकदाच निघते. ती बाहेर काढायची तर साचा फुटतोच.

वीस मिनिटं जाऊबाईंना बोलायचं नव्हतं. भाऊजी म्हणाले, "लग्नानंतर प्रथमच इतकी शांतता." आत त्या हसल्या. भाऊजी ओरडले, "हलू नकोस, ओठाशी सुरकुती पडेल!" साचा उचलला तेव्हा डाव्या ओठाच्या टोकाशी ती बारीकशी घडी उमटलेली होतीच. भाऊजींनी लगेच आतून साबणाच्या पाण्याचे तीन हात दिले. प्लॅस्टरला प्लॅस्टर चिकटू नये म्हणून मध्ये साबण लागतो. हा त्यांचा पहिला नियम, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी हाच सांगायचे.

ओतायचं दुसऱ्या दिवशी होतं. पण सकाळीच पडदेवालीचा फोन आला. दालन मिळालं नाही, काम लांबणीवर पडलं. जाऊबाईंची चित्रफीतही राहून गेली. साचा फळीवर गेला. महिन्याभरात त्यांची पाठ दुखू लागली. दुखणं पाठीचं नव्हतंच, हे कळेपर्यंत उशीर झाला होता. त्याच वर्षी त्या गेल्या.

त्यानंतर चार वर्षं तो साचा फळीवर होता. खोलगट, आतून निळा. मी दर आठवड्याला ओल्या फडक्याने तो पुसायची. भाऊजी कधी कधी तो उचलून आत बोट फिरवत. एकदा मला म्हणाले, "फोटो आहेत गं. पण फोटोत ती कुणाकडे तरी बघत असते. यात ती माझ्या हाताखाली आहे." मी विचारलं, मग ओतत का नाही? म्हणाले, "ओतलं की फोडावं लागतं. आहे तोवर असू दे."

या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. पडदेवालीला दालन मिळालं, आणि भाऊजींचे हात थरथरू लागले. आधी कपबशी वाजायची, मग सदऱ्याची बटणं लागेनात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण हे वाढत जाणार, असं स्पष्ट सांगितलं. त्यांची लेक दुसऱ्या शहरात असते. तिने फोनवर धोशा लावला. "बाबा, आता नाही तर कधीच नाही. मला आईचा चेहरा हवाय. प्रदर्शन संपलं की मी घरी घेऊन जाईन."

पडदेवाली म्हणाली, "काकूंचा चेहरा चित्रफितीशिवाय, नुसताच लावू. साच्यात आधी रबर ओतू. त्यावरून हवे तितके चेहरे निघतील."

भाऊजींनी मान हलवली. "हवे तितके कशाला? ती एकच होती."

पडदेवालीने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी तिच्या बाजूने एक शब्द बोलायला हवा होता, असं आता वाटतं.

ओतायच्या दिवशी भाऊजी पहाटे उठले. दाढी केली. धुतलेला सदरा घातला, बटणं मी लावून दिली. लेकीने येऊन मदत करते म्हटलं होतं, पण ते तिला म्हणाले, "तू चेहरा न्यायला ये. ओततो मी एकटा." मला मात्र दाराशी बसू दिलं. त्यांनी साचा पाण्यात बुडवून काढला, निथळला, टेबलावर वाळूच्या पिशवीत बसवला. प्लॅस्टर चाळलं, कालवलं. घमेल्यावर वाकले तेव्हा हात थरथरत होते. पण ओतू लागले आणि धार सरळ पडली. एकही बुडबुडा नको म्हणून टेबलाला खालून हलके ठोके देत राहिले. मी मनात देवाचं नाव घेत होते. धार संपली, मी उघड म्हटलं, "झालं."

प्लॅस्टर घट्ट होताना तापतं. भाऊजींनी त्यावर तळवा ठेवला आणि ठेवूनच बसले. "ये, हात लाव," म्हणाले. मी लावला. माणसाच्या कपाळाएवढं ऊन लागत होतं.

"ताप आलाय बाईसाहेबांना," ते म्हणाले. चार वर्षांनी त्यांच्या आवाजात ती जुनी थट्टा ऐकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडा घेतला. कडेचं पांढरं टवके होऊन उडालं. निळं दिसलं. हात हलका झाला. आता निळं कपच्या होऊन सुटायला हवं होतं. सुटेना. त्यांनी कपाळाच्या कडेला छिन्नीचं टोक घातलं, हळूच उचकटलं. निळ्याबरोबर आतलं पांढरंही निघून आलं.

भाऊजी थांबले. तो तुकडा खिडकीशी धरून पाहिला. मग खुर्चीवर बसले.

"धाकटे, मी साबण लावला होता ना?"

मी दाराशी बसून सगळं पाहिलं होतं. साचा भिजवला, निथळला, बसवला. साबण काही लावला नव्हता.

"लावला होता," ते स्वतःशीच म्हणाले. "तीन हात. ती उठून बसली होती, नाकात प्लॅस्टर गेलं म्हणून शिंकत होती, आणि मी लावत होतो. तिसऱ्या हाताला तिने चहा मागितला."

ते पाच वर्षांपूर्वीचं होतं. त्यांना तो दिवस इतका लख्ख आठवत होता, की तो साबण ओलाच आहे असं त्यांनी गृहीत धरलं.

मला रडू फुटलं. "भाऊजी, मी पुसायची दर आठवड्याला. ओल्या फडक्याने. माझ्यामुळेच..."

"वेडी आहेस का? साबण महिन्याभरातच सुकून जातो. जुन्या साच्याला नव्याने हात द्यायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही मी सांगत आलो." मग म्हणाले, "तू पुसलंस ते बरं केलंस. धूळ तरी बसली नाही तिच्यावर."

तरी त्यांनी चार दिवस प्रयत्न केला. रोज सकाळी उजेड आला की बसायचे. एका हाताने दुसरा धरून, नखाएवढं नखाएवढं खरवडायचे. हनुवटी थोडी मोकळी झाली. उजवा गाल झाला, पण त्यावर छिन्नीचा ओरखडा आला. ओठांपाशी निळं आणि पांढरं एकजीव झालं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी नाकाशी छिन्नी टेकवली. हात जोरात उडाला. छिन्नी घसरून टेबलात रुतली. चेहऱ्याला काही झालं नाही. भाऊजींनी छिन्नी काढून पाण्याच्या टाकीत टाकून दिली.

पडदेवाली आली. तो गोळा तिने बराच वेळ पाहिला. निळ्याखाली नाक आहे, डोळ्यांचे खळगे आहेत, हे कळत होतं. झोपलेल्या माणसाने तोंडावरून पांघरूण घेतल्यासारखं दिसत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, हे असंच द्या ना. हे फार मोठं काम आहे. लोक यासमोरून हलणार नाहीत."

"असेल," भाऊजी म्हणाले. "तुम्हाला यातलं कळतं. पण माझ्याकडून हे बिघडलंय, बाई. बिघडलेलं मी कधी बाहेर दिलं नाही."

जाताना ती माझा हात धरून रडली. प्रदर्शनात अकरा चेहरे लागले. आम्ही कुणी गेलो नाही.

मग लेक आली. तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी ती धावतच मागच्या खोलीत गेली. ओल्या अंगठ्याने निळं पुसून पाहू लागली. आधी हळू, मग जोरात.

"राहू दे," भाऊजींनी तिचं मनगट धरलं. "राहू दे, बाळ."

"बाबा, कुणीतरी असेल काढून देणारा! मशीन असतं, माणसं असतात..."

"मीच तो माणूस आहे गं. लोक माझ्याकडेच आणायचे असलं." तिचा हात त्यांनी निळ्यावर नीट ठेवला. "इथे डोळा. ही भुवई. इथे, बघ, ओठाचं टोक. हसली होती त्या वेळी."

लेक हात न उचलता रडत राहिली. मी बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा भाऊजींनी तो गोळा जाऊबाईंच्या जुन्या शालीत बांधून तिच्यापुढे ठेवला. ती चकितच झाली. "बाबा, तुमच्याजवळ नको का?"

"घरात राहिली तर मी एक दिवस पुन्हा बसेन," ते म्हणाले. "हात असा असूनही बसेन. माझं मला माहीत आहे. आणि त्या दिवशी नाक जाईल. तू घेऊन जा. फोडायला कुणाला देऊ नकोस."

गोळा जड होता. तिने तो बाळासारखा मांडीवर घेतला आणि गाडीच्या काचेतून आम्हाला हात करायचाही राहून गेला, कारण दोन्ही हात त्याच्यावर होते. गाडी कोपऱ्यावरून वळली. भाऊजी फाटकाशी उभे राहिले. मी म्हटलं, चहा टाकते. हो म्हणाले, पण आत आले नाहीत.

मागच्या खोलीत टेबलावर निळा आणि पांढरा भुगा पडून आहे. झाडू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "उद्या." आज आठवा दिवस. मी रोज विचारते, ते रोज तेच म्हणतात, आणि मी दार लोटून घेते.