कोटाच्या खिशातले मिरे

कापूर उडून जाऊ नये म्हणून डबीत चार मिरे टाकतात, हे मला ठाऊक होतं. पण परवा काकूने कपाट उघडलं, तर गेलेल्या काकांच्या कोटाच्या खिशात मूठभर मिरे!

"हे काय गं, काकू?"

"वास उडत चाललाय रे त्यांचा. दिवाळीत बाह्यांनाही होता. आता नुसता कॉलरला उरलाय."

काकांचा तो तंबाखू आणि अत्तराचा वास काय सांगू! काका वेशीवर पोचले, की इकडे घरात मांजर शिंकायचं. मी रसायनशास्त्राचा जुना मास्तर. माझा प्रयोगशाळेतला तराजू इतका नाजूक, की शेजारच्या वर्गात कुणी खोटं बोललं तरी काटा थरथरे. पण कोटाचं हे घटणं त्यालाही कळलं नसतं. आणि वास हा तर पदार्थच; कोटातून सुटून नाकात शिरणारे कण. मुलांना हे मी हसतहसत शिकवायचो. त्या कपाटापुढे मात्र अंगावर शहारा आला. हुंगावं तेवढे काका कमी होणार, आणि जाणार ते हुंगणाऱ्याच्या आत!

मी नाक दाबलं. "काकू, लाव ते दार. मी हुंगलं तर तुझ्या वाट्याचं कमी होईल."

"घे रे बिनधास्त," काकू कॉलर माझ्यापुढे धरत म्हणाली. "वाऱ्यावर जाण्यापेक्षा घरच्या माणसात राहू देत. मी एकटी किती साठवू?"

मी छाती भरून श्वास घेतला. शपथेवर सांगतो, त्यानंतर खाकरलो मी, पण आवाज काकांचा आला.