झाकणावरचे निखारे

दोन हजार सोळाचा उन्हाळा. रिटायर झाल्यावर कॅनडातल्या कनाटा या उपनगरातून मी दर शनिवारी एका म्युझियमला व्हॉलंटियर म्हणून जायचे. तिथे जुन्या आयरिश शेतकऱ्याचं घर हुबेहूब उभं केलं होतं. जाड दगडी भिंती, कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून खालचा अर्धा भाग बंद ठेवायचं दार, आणि भिंतीत भली मोठी चूल. स्वयंपाक, शेक, गप्पा, सगळं तिच्याभोवती. मला तर माहेरी आल्यासारखंच वाटलं. कोकणात लग्न होईपर्यंत मी चुलीवरच रांधलं होतं.

पण आम्हा व्हॉलंटियर्सची मुख्य बाई! तिचे पणजोबा आयर्लंडहून आलेले, तेवढ्यावर केवढा तोरा. पहिल्याच दिवशी म्हणाली, "चुलीपाशी आयरिश चेहरा बरा दिसतो. तू झाडू घे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिने जन्मात बार्बेक्यूच्या बटणाशिवाय काय पेटवलं होतं? मनात म्हटलं, थांब बये, दाखवतेच तुला.

ऑगस्टमध्ये संधी आली. आयर्लंडमध्ये अशाच घरात वाढलेल्या नव्वदीच्या एक आजी घर बघायला येणार होत्या. बाईने त्यांच्यासाठी लोखंडी भांड्यात सोडा ब्रेड भाजायला ठेवला आणि सगळे निखारे खाली सारले. झाकणावर एकही नाही! आम्ही कोकणात काकडीचं धोंडस, म्हणजे आमचा रव्याचा केकच, भाजायचो तेव्हा वर-खाली निखारे लागायचेच.

"बरोबर आहे ना गं?" तिने घाबरत विचारलं.

"परफेक्ट!" मी म्हणाले. काय आनंद झाला म्हणून सांगू!

ब्रेड खालून कोळसा, वरून कच्चा गोळा. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी मान वळवून हसून घेतलं. आजींनी विचारलं, "चुलीतलं कळणारं इथे कोणीच नाही का?" बोलले असते तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मग आजींनी बाईलाच शेजारी बसवलं आणि दुपारभर हात धरून शिकवलं. त्यांना चहा कोणी दिला? मी!

पुढच्या शनिवारी बाईने मला चुलीपाशी बोलावलं. "त्या दिवशी तू एकटीनेच मला धीर दिलास. ये, तुला शिकवते." आणि झाकणावर निखारे कसे मांडायचे ते ती मला सावकाश समजावू लागली, लहान मुलीला सांगावं तसं.

"अच्छा, अस्सं होय?" मी म्हणत राहिले.